दारू सुटली, पण तिला कुणी विचारलं का? : गावोगावच्या तंटामुक्त समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, निमंत्रक आणि सर्व सदस्य,
महात्मा गांधी तंटामुक्त गाव समिती,
महाराष्ट्रातील प्रत्येक गाव.

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या ठिकाणी दारू पिणाऱ्यांच्या बायकांचा एक गट मी चालवते. आमची बैठक बाजारच्या दिवशी असते, कारण त्या दिवशी तालुक्याला का चाललीस असं घरात कुणी विचारत नाही. कुणी भाजी विकून येते, कुणी बँकेचं काम सांगून, कुणी पोराला दवाखान्यात दाखवायचं म्हणून. बोलणं सुरू झालं की थोड्याच वेळात तुमचा विषय निघतो. "समितीनं बोलावलं होतं." "समितीसमोर त्यानं लिहून दिलं." "समिती म्हणाली, आता जा घरी." म्हणून हे पत्र मी शासनाला किंवा पोलिसांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. बाईच्या घरात काय चाललंय ते पोलीस ठाण्याच्या कितीतरी आधी तुमच्या कानावर येतं.

माझं मागणं एकच आहे. नवरा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला की बायकोला नांदायला पाठवायचं आणि तंटा मिटला असं लिहायचं, हे थांबवा. त्याची दारू सुटली का, आणि ती त्या घरात सुरक्षित आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही वेगवेगळे विचारा. ती ज्या अटी सांगेल त्या ऐका. ती "मला नाही जायचं" म्हणाली, तर ते तिचं शेवटचं उत्तर म्हणून मान्य करा.

गावातले तंटे गावातच मिटवायच्या तुमच्या तंटामुक्त मोहिमेबद्दल मला आदर आहे. 15 ऑगस्ट 2007 रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, ती सुरू झाली, तेव्हा कोर्टाच्या तारखांनी पिचलेली माणसं गावोगाव होती. हातभर बांधापायी दोन-दोन पिढ्या तालुक्याच्या वाऱ्या करत होत्या. तुम्ही त्यांना एका जागी बसवलंत आणि कितीतरी घरांचा पैसा, वेळ, मनस्ताप वाचवलात.

बांधाच्या तंट्यात तुम्ही काय करता, ते मी पाहिलेलं आहे. शेजाऱ्यानं दरवर्षी नांगराचं एकेक तास आत घेत बांध कोरला, अशी तक्रार आली की तुम्ही मोजणी मागवायला सांगता. भूमी अभिलेखचा माणूस येतो, नकाशा उलगडतो, हद्दीच्या खुणा दाखवतो, पंचांसमक्ष दगड रोवले जातात. ज्याचा बांध कोरला गेला त्याला "शेजारी मनानं चांगला आहे, तू सांभाळून घे" असं तुमच्यातलं कुणी म्हणत नाही. शेजाऱ्यानं यंदा नांगर आत घातला नाही, एवढ्यावरून आधी गिळलेली जमीन त्याला सोडूनही देत नाही. आणि कोरणाऱ्याला "दगड कुठे रोवू, तूच सांग" असं तर कधीच विचारत नाही.

बाईच्या बाबतीत मात्र हे तिन्ही होतं. सांभाळून घे म्हणतात, झालं गेलं विसर म्हणतात, आणि ती कधी परत जाणार, घरात कशी राहणार, कुणाशी बोलणार, हे नवऱ्याला विचारून ठरवतात.

अशी एक बैठक मी स्वतः पाहिली. गाव ओळखू येणार नाही एवढंच सांगते. ग्रामपंचायतीच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नवरा महिना-सव्वा महिना केंद्रात राहून आलेला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात नवी तुळशीची माळ. त्याला खुर्ची दिली. बायको दाराजवळ सतरंजीवर, मांडीवर धाकटी मुलगी. तिला माहेरून बोलावून घेतलं होतं. अध्यक्षांनी त्याला विचारलं, "सुटली ना?" तो म्हणाला, "सुटली. माळ घातलीय." चारदोन जणांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग तिच्याकडे वळून विचारलं, "आता तुझी काय अडचण आहे, बाई?" ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "आतल्या खोलीची कडी यांनी काढून टाकलीय. तेवढी बसवून द्या."

लोक हसले. नवरा-बायकोच्या खोलीला आतून कडी कशाला, असं कुणीतरी म्हणालं. वहीत तडजोड झाल्याची नोंद झाली, दोघांच्या सह्या झाल्या.

बाहेर आल्यावर मी तिला कडीचं विचारलं. तो पिऊन यायचा तेव्हा ती मुलींना घेऊन आतल्या खोलीत जायची आणि कडी घालायची. ती कडी त्यानं पिऊन तोडली नव्हती. केंद्रातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एकेक स्क्रू काढला होता. "आता मी सुधारलोय, आता तुला हिची गरज काय," असं म्हणाला होता. त्यानंतर ती माहेरी गेली. ज्या एका गोष्टीवर सगळा निवाडा व्हायला हवा होता, ती तिनं तुमच्यासमोर सांगितली होती आणि खोलीत हशा झाला होता.

माणूस चांगला आहे, दारू वाईट आहे, हे वाक्य गावात प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्यांचा नवरा वारंवार दारूच्या नशेत असतो अशा बायकांपैकी सुमारे 70 टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. ज्यांचा नवरा दारूला शिवत नाही अशांमध्ये हे प्रमाण 23 टक्क्यांच्या आसपास होतं. दारूनं मार वाढतो, याला यापेक्षा मोठा पुरावा नको. पण दुसरा आकडाही वाचा. नवरा थेंबभर घेत नाही अशा दर चार-पाच घरांतल्या एका घरातही बायकोनं हिंसा सोसलेली असते. तिथे हात कोण उचलायला लावतं?

आणि आपल्या गावातलंच बघा. पिऊन येणारा माणूस वाटेत पोलीस पाटील भेटले तर "रामराम पाटील" म्हणून बाजूला होतो. सरपंचांच्या अंगावर जात नाही, सावकाराच्या तर नाहीच. घराचा उंबरा ओलांडला की मात्र बायकोच्या पोटात लाथ बसते. कुणावर हात टाकायचा आणि कुणावर नाही, हे त्याला नशेतही नेमकं कळत असतं. दारूनं त्याचा जिभेवरचा, हातावरचा ताबा सुटतो हे खरं. पण बायकोला मारलं तर चालतं ही समजूत बाटलीतून आलेली नसते. ती आधीपासून असते आणि बाटली गेल्यावरही राहू शकते. कायदाही हेच मानतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 23 आणि 24 नुसार स्वतःहून केलेली नशा ही गुन्ह्याची सबब होत नाही. कुणी फसवून किंवा जबरदस्तीनं पाजली असेल तरच गोष्ट वेगळी. "दारूत होता हो तो" हे कोर्टात चालत नाही. समितीत का चालावं?

दारू सुटल्यानंतरच्या महिन्यांबद्दल गावात फार कमी बोललं जातं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

माणूस दहा वर्षं पीत असतो तेव्हा त्या दहा वर्षांत घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. बायको मजुरीला जाते, बचत गटाचा हप्ता भरते, मुलांच्या शाळेत सही करते, रेशन आणते, दिराशी शेताच्या वाटणीचं बोलते. मुलं काही हवं असेल तर आईकडेच मागतात. मग एक दिवस तो शुद्धीवर येऊन घरात बसतो आणि त्याला दिसतं की आपली जागा उरलेली नाही. केंद्रातले समुपदेशक त्याला सांगतात की जागा हळूहळू कमवावी लागेल, विश्वास मागून मिळत नाही. जे ऐकतात ते खरंच बदलतात, आणि असे पुरुष मी पाहिले आहेत. पण बऱ्याच जणांना जागा कमवायची नसते, परत घ्यायची असते. "आता मी पीत नाही, आता कारभार माझ्याकडे दे." एटीएमचं कार्ड दे. फोन दाखव. बचत गटाच्या मीटिंगला जायचं नाही. एवढी वर्षं मी शुद्धीत नव्हतो, तेव्हा तू काय काय केलंस ते सांग.

हा संशय पुष्कळ पिणाऱ्यांच्या मनात घर करून बसतो, हे मानसोपचारतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे, आणि दारू सोडली म्हणून तो लगेच जात नाही. शिवाय सुरुवातीच्या काळात झोप लागत नाही, चिडचिड होते, जीव कशातच रमत नाही. हा काळ त्याच्यासाठी खरोखर कठीण असतो. तो माणूसही दुःखात असतो आणि त्याला आधार लागतोच. पण तो आधार कुणी द्यायचा? केंद्रात फॉलोअपला यायला सांगतात, एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंगा असतात, डॉक्टर असतात, दारू सोडलेले जुने मित्र असतात. गाव मात्र एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतं. बायकोकडे.

"तू नीट वाग म्हणजे तो पिणार नाही." हे तुमच्यापैकी कितीतरी जणांनी चांगल्या मनानं म्हटलेलं आहे, मला माहीत आहे. पण या वाक्यानं तुम्ही तिला कोणत्या कामाला लावता ते बघा. ती त्याचे खिसे तपासते. रात्री तो आला की जवळ जाऊन वास घेते. भाजीत मीठ जास्त पडलं तर हिला घाम फुटतो, कारण भांडण झालं आणि तो गुत्त्यावर गेला तर गाव म्हणणार, हिनंच परत पाजली. भिंतीवर जाहिराती असतात, पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा म्हणून. सासू तशी पूड किंवा गोळी आणून देते आणि सून ती भाजीत कालवते. यातली एक गोळी डायसल्फिरमची असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं ती दिली तर उपयोगी आहे. न सांगता दिली आणि तो वर दारू प्यायला तर छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब उतरणं, आणि जिवावरही बेतू शकतं. हे कळल्यावर तो कुणाला मारेल? गोळी आणणाऱ्या सासूला नाही.

अल-अॅनॉन ही दारुड्यांच्या घरच्या माणसांसाठीची जगभरची संघटना आहे. त्यांच्या बैठकांत पहिल्यांदा सांगतात ते असं : मी हे घडवलं नाही, मला हे ताब्यात ठेवता येत नाही, मला हे बरं करता येत नाही. आमच्या गटात हे मराठीत पहिल्यांदा म्हटलं तेव्हा एक बाई रडायला लागली. आजवर सगळ्यांनी तिला याच्या उलट सांगितलं होतं. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पिणाऱ्यांच्या बायकांसाठी वेगळा 'सहचरी' गट आहे. बाईला बरं व्हायला स्वतःची जागा लागते, हे तिथं ओळखलं गेलं. नवऱ्याला बरं करणं हे तिथं तिच्यावर सोपवलेलं काम नाही.

आता तिच्या अटींबद्दल. बाईनं अटी घातल्या की समितीत लगेच चुळबुळ सुरू होते. संसारात अटी कसल्या, हे काय व्यवहाराचं बोलणं. म्हणून आमच्या गटातल्या एका बाईनं लिहून आणलेला कागद तुमच्यासमोर ठेवते, तिच्या परवानगीनं. मुलाच्या वहीचं मधलं पान होतं, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. माझी मजुरी माझ्या खात्यात राहील. माझा फोन माझ्याकडे राहील. मी मुलांबरोबर झोपेन. तुमच्याजवळ केव्हा यायचं ते मी सांगेन. फॉलोअपला तुम्ही स्वतः जायचं, मी आठवण करणार नाही. तुम्ही प्यायलात तर मी भांडणार नाही, रडणार नाही. मुलांना घेऊन बहिणीकडे जाईन, आणि तिथं कुणी न्यायला यायचं नाही. हात उचललात तर त्याच दिवशी पोलिसांत जाईन, समितीत नाही.

त्या कागदात "तुम्ही पिऊ नका" असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आधीच्या वर्षांत तिनं हे शेकडो वेळा सांगितलं होतं, विनवण्या करून, शपथा घालून, उपास धरून. आता ती फक्त आपण काय करू ते सांगत होती. त्यानं प्यायचं की नाही हे त्याच्यावर सोडलं होतं, आणि आपण त्या घरात राहायचं की नाही हे स्वतःकडे घेतलं होतं. तो प्यायला तर तिला ओरडावं लागणार नव्हतं, कुणाला पटवावंही लागणार नव्हतं. पिशवी भरायची आणि निघायचं. याला कुणी हट्ट म्हणेल, कुणी माजलीय म्हणेल. माझ्या मते इतकं स्पष्ट आणि इतकं सभ्य बोलणं मी फार थोड्या वेळा वाचलं आहे.

तिच्या नवऱ्यानं तो कागद वाचला, दोन दिवस घुसमटला, मग सही केली. वर्षभरात एकदा घसरला. ती बहिणीकडे गेली. न्यायला कुणी गेलं नाही, तो एकटाच केंद्रात गेला. आज ती दोघं एकत्र आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण मी घरं मोडायला बसले आहे असं काही जणांना वाटतं. ती परत गेली ती स्वतःच्या अटींवर, म्हणून ते घर टिकलं. पण दुसऱ्या एखादीनं असाच कागद लिहून शेवटी "मला यायचंच नाही" असं लिहिलं असतं, तर तेही तितकंच योग्य झालं असतं. दहा वर्षं मार खाल्ल्यावर माणूस सुधारला तरी त्याच्याजवळ राहायची इच्छा उरत नाही, असं होतं. त्याच्या सुधारण्याचं बक्षीस म्हणून तिनं परत गेलं पाहिजे, असं कुणीही ठरवू शकत नाही.

दारू सोडलेल्या माणसांच्या स्वतःच्या मार्गातही हे आहे. एएच्या बारा पायऱ्यांमधली आठवी सांगते की आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करा. नववी सांगते की शक्य असेल तिथं त्यांची प्रत्यक्ष भरपाई करा. मात्र तसं करण्यानं त्यांनाच इजा होणार असेल तर करू नका. तिनं माफ करावं, परत यावं, असं या दोन्ही पायऱ्यांत कुठेही नाही. काही बायकांच्या बाबतीत खरी भरपाई म्हणजे तिच्या वाटेला न जाणं आणि मुलांचा खर्च वेळेवर पोचवणं, एवढीच असते. जे पुरुष मनापासून या मार्गाला लागलेत त्यांना हे सांगावं लागत नाही. "बायको आली तरच सोडेन" असं जो म्हणतो, त्याची दारू अजून सुटायची आहे, असं मी समजते.

कायद्याचंही थोडं बोलू, कारण समितीत कायद्याचा उल्लेख झाला की "कोर्टात गेलं की घर तुटतं" एवढंच ऐकू येतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 सालचा, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू. घर कुणाच्याही नावावर असो, तिला त्या घरात राहायचा हक्क आहे. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतात. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण गावात नेहमी बाईनंच बाहेर पडायचं असतं. तिला खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत मिळू शकतं. तातडी असेल तर एकतर्फी अंतरिम आदेशही मिळतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात उशीर होतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्या उशिरामुळेच बाई तुमच्याकडे येते. मग तिच्या त्या अगतिकतेचा उपयोग तिला परत धाडायला करू नका.

या कायद्याखालचे 2006 चे नियम एकदा जरूर वाचा, विशेषतः नियम 14. समुपदेशकानं काय करायचं ते त्यात आहे. समुपदेशन सुरू करण्याआधीच नवऱ्याला सांगायचं की झालेल्या हिंसेचं कोणतंही समर्थन इथं ऐकलं जाणार नाही. पुन्हा हिंसा करणार नाही असं हमीपत्र त्याच्याकडून घ्यायचं. आणि तडजोडीचा प्रयत्न बाईची इच्छा असेल तरच करायचा. शिकलेल्या, नेमलेल्या समुपदेशकालाही कायदा एवढी बंधनं घालतो. समितीत मात्र सुरुवातच "का मारलंस, तिनं काय केलं होतं" अशी होते, आणि हमीपत्र तिच्याकडूनही लिहून घेतलं जातं, की मी उलट बोलणार नाही. ते स्टॅम्प पेपर मी पाहिले आहेत.

शपथेबद्दल एक गोष्ट, थोडी वेगळी पण महत्त्वाची. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाला मारुतीपुढे उभं करून आजपासून बंद असं वदवून घेऊ नका. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन-तीन दिवसांत भास होऊन जीवही जाऊ शकतो. त्याला आधी दवाखान्यात न्या. आणि रात्री गाडी आणून त्याला बांधून उचलून नेणाऱ्या केंद्रांच्या नादी लागू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मध्ये व्यसनाचे आजारही येतात आणि रुग्णाला त्यात हक्क आहेत. शिवाय त्या उचलून न्यायच्या कागदावर सही बायकोची घेतलेली असते. तो परत येतो तेव्हा हिशेब तिच्याशी होतो.

प्रत्यक्ष काय करता येईल, तर बाई तक्रार घेऊन आली की तिच्याशी आधी एकटीशी बोला. समितीतल्या किंवा गावातल्या एखाद्या समंजस बाईनं बोलावं, अंगणवाडी ताई किंवा आशा ताई असेल तर उत्तम. नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, मांडीवर मूल घेऊन सतरंजीवर बसलेली बाई खरं सांगणार नाही. सांगितलं तर त्याची किंमत रात्री मोजेल. मारहाण आहे असं कळलं तर तिथंच थांबा, ती तडजोडीची बाब राहिली नाही. तिला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत पोचवा. हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सखी केंद्र असेल तर तिथं न्या. 112 वर पोलीस मिळतात, 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, नवऱ्यासाठी 14446 ही व्यसनमुक्तीची आणि मन खचलेल्या कुणासाठीही 14416 ही टेलिमानसची. हे क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, आणि तिच्या हातात चिठ्ठी देऊ नका, ती घरी सापडेल. ती माहेरी किंवा आणखी कुठे राहायला गेली असेल तर तो पत्ता नवऱ्याला तुम्ही सांगायचा नाही, तो कितीही पाया पडला तरी. बाई घर सोडते तो काळ तिच्या जिवाला सगळ्यात जास्त धोक्याचा असतो.

तुमची नोंदवही असते, त्यात किती तंटे आले आणि किती मिटले याचे रकाने असतात. मोहीम जोरात होती तेव्हा मिटवलेल्या तंट्यांना गुण होते आणि गावाला लोकसंख्येनुसार बक्षीस, त्यामुळे "मिटला" हा शब्द लिहायची सवय लागली असेल. ऑगस्टच्या ग्रामसभेत अनेक गावांत नवी समिती बसते. त्या समितीनं वहीत एक रकाना वाढवावा. घरातल्या मारहाणीची जी जी बाब आधीच्या समितीनं मिटवली म्हणून लिहिलं, त्या प्रत्येक बाईला तीन महिन्यांनी आणि वर्षानं कुणीतरी एकटीला भेटून विचारायचं : कशी आहेस, हात उचलतो का, पैसे तुझ्याकडे आहेत का, जायचं असेल तर जाता येतं का. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत मनात ठेवायचं आणि वहीत फक्त भेट झाली एवढीच तारीख टाकायची, कारण ती वही गावात कुणीही चाळतं. उत्तर वाईट आलं तर त्याच आठवड्यात तिला तालुक्याला आणायचं.

हे करायला तुमच्याकडे माणूस नसेल तर आमच्या गटातल्या बायका यायला तयार आहेत. बाजारचा दिवस सोडून कोणत्याही दिवशी बोलवा.

आपली,
दारू पिणाऱ्यांच्या बायकांच्या गटाची एक कार्यकर्ती